दुकानात नीट चालतो, घरी आला की बिघडतो: वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच जातीची आहेत. कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला, दुकानात दोन दिवस चालू ठेवला, काही म्हणजे काही झालं नाही, आणि घरी आणून बटण दाबलं की पुन्हा तेच रडगाणं. मग राग दुकानदारावर निघतो नाहीतर कॉम्प्युटरवर. मी अशा वेळी पहिलं विचारते की हे होतं तेव्हा घरात दुसरं काय चालू असतं, आणि दहातल्या नऊ जणांना ते सांगता येत नाही, कारण तिकडे कोणी बघितलेलंच नसतं.

म्हणून उत्तरांच्या आधी एक विनंती. कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा आणि आठवडाभर, बिघाड झाला की घड्याळात बघून वेळ लिहा आणि त्या मिनिटाला घरात काय चालू झालं किंवा बंद झालं ते लिहा, बाकी काही नको. ब्रिटनमध्ये वेल्स भागात अबरहोसन नावाचं एक छोटं गाव आहे, तिथे दीड वर्ष रोज सकाळी ७ वाजता अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. केबल बदलून झाल्या तरी फरक नाही, शेवटी इंजिनिअर लोक लहरी मोजायचं यंत्र घेऊन पहाटेच गावात फिरले तेव्हा कळलं की एका घरातला जुना टीव्ही रोज ७ ला चालू व्हायचा आणि त्यातून निघणाऱ्या विजेच्या गोंगाटाने सगळ्यांची लाईन पडायची. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ही बातमी सगळीकडे आली होती. "रोज ७ ला" हा धागा हातात होता म्हणून तो टीव्ही सापडला. तुमच्या घरातला धागा तुमच्याच वहीत सापडणार आहे.

प्रश्न: ताई, आमच्याकडे घरघंटी आहे. बायकोने दळण टाकून खटका दाबला की मुलाचा कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतो. दुकानदाराने आधी रॅम बदलली, मग विंडोज नवीन टाकलं, १८०० रुपये गेले. गंमत म्हणजे सकाळी दळलं तर काही होत नाही, संध्याकाळी हमखास होतं.
– एक वाचक, तासगाव

उत्तर: दादा, सकाळी होत नाही आणि संध्याकाळी होतं हे तुम्ही लिहिलंत तिथेच मला कळलं की रॅमचा काही संबंध नाही. घरघंटीची मोटर साधारण १ एचपीची असते म्हणजे ७४६ वॉट, आणि ती फिरायला लागली की ४ ते ५ अँपिअर खाते, पण थांबलेली मोटर जागची हलताना त्या पहिल्या क्षणाला ती याच्या पाच-सहापट करंट ओढते. तेवढा करंट घरातल्या बारीक वायरमधून आणि खांबापासून आलेल्या लांब सर्व्हिस वायरमधून ओढला गेला की व्होल्टेज क्षणभर बसतं. सकाळी तुमच्याकडे २३० च्या आसपास असेल तर थोडं खाली येऊन काही बिघडत नाही, पण संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे, टीव्ही चालू असतात, व्होल्टेज आधीच १९० वर आलेलं असतं, आणि त्यात हा धक्का.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेची एक छोटी शिल्लक असते, कपॅसिटरमध्ये साठवलेली, ती फार तर १६ ते २० मिलिसेकंद पुरते म्हणजे विजेच्या जेमतेम एका आवर्तनाइतकी. आणि साध्या पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज कमी असलं की ही शिल्लकसुद्धा कमीच भरलेली असते, म्हणून संध्याकाळी दोन्हीकडून मार बसतो.

आता खात्री कशी करायची, तर घरात कुठे जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब पडलेला असेल तर तो होल्डर-पिनेसकट कॉम्प्युटरच्याच बोर्डात लावा आणि घरघंटी सुरू करायला सांगा, बल्बने ठळक डोळा मिटला की समजा हेच आहे. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, तो आतल्या सर्किटमुळे बऱ्याचदा तसाच जळत राहतो. आणि अजून एक गोष्ट बघा, घरघंटी पूर्वी चटकन फिरायची आणि आता "हूंऽऽ" करून मग उचलते का? तसं असेल तर तिचा कपॅसिटर उतरलाय, तो बदलायला फार खर्च नाही, पण तो उतरलेला असला की मोटर तो पाच-सहापट करंट क्षणभराऐवजी सेकंद दोन सेकंद ओढत राहते. मी स्वतः एका घरी तीन फेऱ्या मारल्या होत्या, पॉवर सप्लायही बदलून दिला होता, आणि शेवटी दोष निघाला तो मोटरच्या कपॅसिटरमध्ये. त्या माणसाचे पैसे गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

कपॅसिटर ठीक असेल तर वायरमनला सांगून घरघंटीसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाईन ओढून घ्या, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि मोठा १६ अँपिअरचा सॉकेट. मुलाच्या कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा. स्पाइक गार्ड घेऊन उपयोग नाही हे आधीच सांगते, कारण दुकानात तोच गळ्यात मारतात. तो वरून येणारा झटका छाटतो, व्होल्टेज खाली बसलं तर त्याला काही करता येत नाही. आणि यूपीएसमध्ये लेझर प्रिंटर कधी लावू नका, त्यातला हीटर तापताना हजार वॉटच्या घरात जातो आणि यूपीएस मान टाकतो.

प्रश्न: मी घरून काम करते. दुपारी सासूबाई मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करतात आणि माझी मीटिंग अडकते, आवाज तुटतो. दोन मिनिटांनी आपोआप नीट. नवऱ्याला वाटतं मी उगाच काहीतरी जोडतेय.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे, नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या लहरींवर अन्न तापवतो आणि जुन्या पद्धतीचा वायफाय २४०० ते २४८३ मेगाहर्ट्झ याच पट्ट्यात बोलतो, म्हणजे दोघांचं दार एकच. मायक्रोवेव्हच्या आत ७००-८०० वॉटची ताकद असते आणि राऊटर जेमतेम एक दशांश वॉटवर बोलतो. दारातून जी किंचित गळती होते ती माणसाला अपायकारक नसते, त्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे, ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट. पण राऊटरच्या कुजबुजीपुढे ती आरडाओरडच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला वर्षानुवर्षं काही विचित्र सिग्नल मिळत होते, आणि २०१५ मध्ये शोध लागला की वेधशाळेतलंच कोणीतरी वेळ संपायच्या आत मायक्रोवेव्हचं दार उघडतं तेव्हा ते येतात. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० डिशची दुर्बीण आहे, तिची जागा ठरवतानासुद्धा आजूबाजूला असला गोंगाट कमी असावा हे बघितलं गेलं होतं. तेव्हा तुमच्या मीटिंगचं काय घेऊन बसलात.

इलाज सोपा आहे. राऊटर ड्युअल बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांत बोलणारा असेल तर फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये त्याचं ५ गीगाहर्ट्झवालं नाव निवडा, बहुतेक वेळा नावापुढे ५जी असं लिहिलेलं असतं, तिथे मायक्रोवेव्ह पोचत नाही. मात्र ५ गीगाहर्ट्झ भिंतींमधून कमी जातो, दोन भिंती मध्ये असतील तर रेंज पडेल. मग सरळ एक लॅन केबल ओढा, माझं मत विचाराल तर ज्याचं पोट कॉम्प्युटरवर आहे त्याने केबलच लावावी, वीस मीटर केबलला जे काही लागतील ते पैसे एका अडकलेल्या मीटिंगपेक्षा कमी आहेत. राऊटर फ्रिजवर ठेवला असेल तर तो आधी खाली घ्या, फ्रिज म्हणजे पत्र्याची भिंतच. आणि मायक्रोवेव्हचं दार सैल झालंय का, नीट न बसता एका बाजूला उघडं राहतंय का ते बघा, तसं असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत वापरू नका, वायफायसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी.

प्रश्न: आमचं घर जुनं आहे, वायरिंग वडिलांच्या वेळचं. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात. पायात चप्पल असली तर कमी. वॉशिंग मशीन चालू असताना जास्त लागतं, एकदा तर चांगला झटका बसला. स्पीकरमधून पण सारखी घूंऽऽ येते. कॉम्प्युटर बदलावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, कॉम्प्युटर बदलू नका, आणि हे वाचत असाल त्या क्षणापासून वायरमन येईपर्यंत वॉशिंग मशीन वापरू नका, त्याची पिन काढून ठेवा, गीझर असेल तर तोही मेनमधून बंद करा. का ते सांगते.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला एक फिल्टर असतो, त्यात फेजपासून (वीज घेऊन येणारी वायर) डब्याला एक आणि न्यूट्रलपासून (वीज परत नेणारी वायर) डब्याला एक असे दोन अगदी छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा चिमूटभर करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर डबा फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये लटकतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर, टेस्टर लावला तर पेटतो, हात लागला की मुंग्या. करंट मिलिअँपिअरच्याही आत असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला चार्जर लावल्यावर जे खरखरीत लागतं ना, तेही हेच, दोन पिनांच्या चार्जरमुळे.

इथपर्यंत असतं तर मी इतकं घाबरवलं नसतं. पण वॉशिंग मशीन चालू असताना जास्त लागतं असं तुम्ही लिहिलंय, त्याचा अर्थ असा की तुमच्या घरात अर्थिंगची हिरवी वायर बोर्डाबोर्डांमध्ये एकमेकींना जोडलेली आहे पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही, कुठेतरी तुटलीय किंवा पहिल्यापासून खड्डाच केलेला नाही. मग मशीनमध्ये पाणी शिरून, वायर कुरतडली जाऊन जी गळती होते ती त्या हिरव्या वायरने जमिनीत जायच्या ऐवजी फिरून कॉम्प्युटरच्या डब्यावर येते. उद्या मशीनमध्ये पूर्ण फेज अंगाला लागली तर तुमच्या कॉम्प्युटरचा डबा, फ्रिजचं हँडल, सगळं २३० व्होल्टवर येईल. अर्धवट अर्थिंग हे अजिबात नसलेल्या अर्थिंगपेक्षा वाईट ते या कारणाने.

वायरमन आला की त्याला टेस्ट लॅम्प घेऊन यायला सांगा, ६० किंवा १०० वॉटचा बल्ब आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब जसा पेटतो तसाच झगझगीत फेज आणि अर्थमध्ये पेटला पाहिजे. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर अर्थिंग नाही. घरात आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की आपोआप वीज तोडणारा स्विच असेल तर या चाचणीत तो पडेल, पडायलाच पाहिजे, तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडण्यासाठीच असतो. हे काम वायरमनचंच आहे, तुम्ही स्वतः उघड्या वायरी हातात घेऊ नका.

मग घराबाहेर ओल राहील अशी जागा बघून खड्डा, त्यात पत्रा किंवा पाइप, कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला तोंड ठेवलेलं, आणि तिथून मेन बोर्डापर्यंत सलग जाड वायर. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाका, कोरड्या मातीत अर्थिंग कमी होतं. आणि काही वायरमन झटपट म्हणून सॉकेटच्या आतच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतात, मुंग्या लगेच थांबतात आणि माणूस खूश होतो. हे करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर फेज सरळ डब्यावर येईल. नळाच्या पाइपला जोडणंही नको, आजकाल मध्येच प्लास्टिकचा पाइप असतो. वायरमनने आरसीसीबी बसवायला सांगितला तर नाही म्हणू नका.

स्पीकरची घूंऽऽ बरीचशी याच्याबरोबरच जाईल, कारण फिल्टरला गाळलेला कचरा टाकायला जमीन मिळेल. नाही गेली तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: स्पीकरमधून तीन प्रकारचे आवाज येतात, पंखा कमी केला की घर्रर्र, मिक्सर लावला की खरखर आणि फ्रिज बंद होताना टक्. मिक्सर लावल्यावर कधी कधी मॉनिटर पण सेकंदभर काळा होतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुम्ही आवाज वेगवेगळे ओळखून लिहिलेत, माझं अर्धं काम झालं. पंख्याचा नवा रेग्युलेटर वीज कापून कापून देतो, त्यातून हा घर्रर्र येतो. कपॅसिटरवाला पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवा, थांबेल. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश घासतात आणि ठिणग्या उडतात, प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा रेडिओ स्टेशनच, वायरीतूनही जातो आणि हवेतूनही. खालच्या जाळीतून निळी ठिणगी खूप दिसत असेल तर ब्रश संपलेत, बदला. मॉनिटर काळा होतो तो बहुधा स्वस्तातल्या पातळ एचडीएमआय केबलमुळे, जाड आणि लांबीला कमी अशी घ्या. फ्रिजची टक् त्याच्या थर्मोस्टॅटची, फ्रिज आणि स्पीकर वेगळ्या बोर्डांवर गेले की पुष्कळ कमी होते.

लॅपटॉपला स्पीकर असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेने येतोय. टीव्हीला जोडला की घूं सुरू होत असेल तर सेट टॉप बॉक्समधली केबलवाल्याची वायर काढून बघा, बऱ्याचदा ती वायर दुसऱ्याच घरची जमीन बरोबर घेऊन आलेली असते.

प्रश्न: घरी इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की कॉम्प्युटर बंद होतो. पंखे, दिवे चालू राहतात. मग एवढा मोठा इन्व्हर्टर कशाला घेतला?
– एक वाचक, लातूर

उत्तर: इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला किंवा पुढे एक छोटा स्विच असतो, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे नॉर्मल किंवा इको लिहिलेलं. तो नॉर्मलवर असला की लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर २५ ते ४० मिलिसेकंद घेतो, पंख्याला ते कळतही नाही पण कॉम्प्युटरची शिल्लक त्याआधीच संपते. यूपीएसवर टाका, मग तो साधारण १० ते २० मध्ये येतो. एक गोष्ट मात्र होईल, यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कमी असेल तर बॅटरी जास्त वापरली जाईल. ते जड जात असेल तर स्विच नॉर्मलवरच ठेवा आणि कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस लावा. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल, म्हणजे बॅटरीवर पंखा घुमतो, तर चांगल्या प्रतीचे पॉवर सप्लाय त्याच्यावर कुरकुर करतात, तिथे साइन वेव्हच हवा.

प्रश्न: बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायरलेस माऊस अडखळतो. माऊस नवा घेतला, तेच.
– एक वाचक, मडगाव

उत्तर: माऊसचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा तो छोटा तुकडा, हार्ड डिस्कच्या शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये आहे ना? तो यूएसबी ३ चा पोर्ट, त्यातून माहिती वेगाने धावते तेव्हा नेमका २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतो आणि माऊस तिथेच बोलतो. डोंगल पुढच्या किंवा लांबच्या काळ्या पोर्टमध्ये टाका, नाहीतर हातभर यूएसबी एक्स्टेंशन लावून तो टेबलावर आणा. जुना माऊस टाकला नसेल अशी आशा आहे, तो चांगलाच होता.

प्रश्न: हसू नका, पण मी खुर्चीवरून उठलो की मॉनिटर दोन सेकंद काळा होतो. फक्त थंडीत.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: हसण्यासारखं काही नाही, हे खरंच होतं. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्च्यांमध्ये उठताना-बसताना स्थिर वीज साठून उडते, त्या झटक्याच्या लहरी मॉनिटरची केबल पकडते आणि चित्र तुटतं. तुमच्याकडे थंडीत हवा कोरडी होते म्हणून तेव्हाच. केबल चांगली घ्या आणि खुर्चीच्या पायापासून लांबून न्या, खुर्चीखाली सुती सतरंजी टाकून बघा.

प्रश्न: गेल्या आठवड्यापासून मोटर लावली की एका खोलीतले दिवे मंद होतात आणि दुसऱ्या खोलीतले एकदम प्रखर. परवा यूपीएसमधून जळका वास आला, काल राऊटरचा अडॅप्टर गेला. नवीन अडॅप्टर कोणता घेऊ?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर: अडॅप्टर आत्ता घेऊच नका. दिवे नुसते मंद झाले असते तर मी लोड जास्त म्हटलं असतं, पण एकीकडे मंद आणि दुसरीकडे प्रखर म्हणजे न्यूट्रल सैल झालाय किंवा तुटायला आलाय, तुमच्या मेन बोर्डात, मीटरपाशी नाहीतर खांबावर. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की एका फेजचं व्होल्टेज बसतं आणि दुसऱ्याचं चढत चढत ४०० च्या जवळ जाऊ शकतं, त्यात यूपीएस, अडॅप्टर, टीव्ही, फ्रिज काही टिकत नाही आणि वायर पेटू शकते. हे पत्र मला पोस्टाने मिळालं, उत्तर छापून यायला वेळ जातो म्हणून लिफाफ्यावरच्या पत्त्यावर मी लगेच वेगळं कळवलंय, पण ज्यांच्या घरी असं होत असेल त्यांनी हे वाचल्या वाचल्या मेन स्विच खाली करायचा, १९१२ वर तक्रार नोंदवून लाईनमनला न्यूट्रल बघायला सांगायचं, आणि घरातला बोर्ड वायरमनकडून तपासून होईपर्यंत मेन वर करायचा नाही, रात्र अंधारात काढावी लागली तरी.